ओब्रिकूरचा वारा माझ्याकडे जेवतो

२ जुलै, बुधवार

ही वही सोलेनने दिली. सोलेन म्हणजे माझी नात, लील शहरात शिकते. म्हणाली, आजी, तू फोनवर एवढं बोलतेस, त्यातलं निम्मं लिहून ठेवत जा. माझी शाळा लवकर सुटली, आईला एकटीला धुणं झेपत नव्हतं म्हणून. त्यामुळे लिहायचं म्हटलं की जिवावर येतं. पण आज घडलंयच तसं, म्हणून बसले.

क्लबने मला एक खेळाडू दिला.

म्हणजे राहायला दिला. ओब्रिकूरच्या फुटबॉल क्लबात बाहेरचा पोरगा आला की हॉटेलात नाही राहत, गावातल्या कुणाच्या तरी घरी राहतो. कोळशाच्या खाणी चालू होत्या तेव्हापासूनची रीत आहे. माझा नवरा आर्मां होता तेव्हा आमच्याकडे तिघे राहून गेले, तिघेही जाताना रडले. आर्मां गेल्यापासून मात्र कुणी विचारलं नव्हतं. एकटी बाई, वय झालं, असं काहीतरी त्यांच्या मनात असणार. यंदा विचारलं. मी हो म्हणेपर्यंत बटाटे सोलायला घेतलेसुद्धा होते.

पोराचं नाव कारी. आइसलँडच्या कुठल्याशा मासेमारीच्या गावचा. उंच आहे, आणि बारीक म्हणजे इतका बारीक की दारात उभा राहिला तरी त्याच्या दोन्ही बाजूंनी रस्ता दिसत होता.

पेपरात मोठा लेख आलाय, ओब्रिकूरचं यंदा काय होणार म्हणून. माझ्या जन्माच्या वर्षी आम्ही कप जिंकला होता, त्यानंतर आम्ही फक्त खाली उतरतोय, आता वरून तिसऱ्या पायरीच्या लीगमध्ये आहोत. लेखवाला म्हणतो, गोलकीपर म्हातारा आहे, बचाव जड आहे, मधली फळी झोपाळू आहे, पण पुढे कारी आहे, आणि कारी म्हणजे वारा. सगळी आशा त्याच्या पायांवर आहे.

आशा पायांवर आणि पाय काड्यांसारखे. मी रात्रीच्या जेवणात बीफ वाढलं, बिअरमध्ये तीन तास शिजवलेलं, सोबत चिप्स, बटाट्याच्या लांब तळलेल्या फोडी.

४ जुलै, शुक्रवार

पोरगा जेवतो. देवा, किती छान जेवतो.

मी वाढते, तो सगळं संपवतो, पावाने ताट पुसून घेतो आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसतो. आता आमच्याकडे रिकाम्या ताटाचा अर्थ लहान पोरालाही कळतो. अजून भूक आहे. मी परत वाढते. तो माझ्याकडे बघतो, ताटाकडे बघतो, एक मोठा श्वास घेतो आणि परत सगळं संपवतो. काल चार वेळा वाढलं. शेवटी मीच दमले.

बोलत फार नाही. फ्रेंच येतं त्याला, पण मोजूनमापून. मी विचारलं, "बाळा, घरी जेवायला मिळायचं ना नीट?"

"मिळायचं, मादाम."

"मग अंगाला का लागलं नाही?"

त्याने पाव घेतला आणि ताट पुसायला लागला. गरीब दिसतात घरचे.

९ जुलै, बुधवार

फर्नांद येऊन गेली. फर्नांद पलीकडच्या घरातली, माझ्यासारखीच विधवा, पण अंगाने माझ्या दुप्पट. तिला कारीला बघायचं होतं. मी साखरेचा टार्ट केला होता.

"काय ग गिस्लेन, याला क्लबसाठी पोसतेयस की नाताळला कापायला?"

"तुझ्यासारखी नजर लावणारी शेजारीण असली की पोराच्या अंगाला काही लागायचं नाही."

"लागलंय की. गाल बघ."

बघितले. खरंच गाल आलेत. किती बरं वाटलं म्हणून सांगू. आता तो मला मादाम म्हणत नाही, आजी म्हणतो.

१४ जुलै, सोमवार

राष्ट्रीय सण. चौकात बँड वाजला, महापौर बोलले, ते कशावर बोलले ते त्यांनाही कळलं नसेल. आम्ही शिंपले आणि चिप्स खाल्ले. चिप्सवाल्याने क्लबचा पोरगा म्हणून कारीला मोठा पुडा फुकट दिला, त्याने तो संपवला, म्हणून दुसरा दिला.

परत येताना चढावर तो थांबला. मी पुढे होते. माझं वय काय, आणि वारा मागे.

"आजी, एक मिनिट," म्हणाला.

किती समजूतदार पोर आहे. म्हाताऱ्या बाईला दम लागेल म्हणून स्वतः थांबला.

१९ जुलै, शनिवार

सरावाचा पहिला सामना झाला, आम्ही तीन-शून्य हरलो. पलीकडचे म्हणजे पोस्टातल्या लोकांचा संघ, त्यात एकाचा गुडघा बांधलेला.

कारी बरा खेळला. धावताना मात्र चेहरा लाल झाला होता. मी वरून ओरडले, "सकाळी वॉफल खाल्लं नाहीस म्हणून." लोक हसले, का ते कळलं नाही. तेव्हापासून मी खिशात वॉफल ठेवते.

२३ जुलै, बुधवार

आज प्रशिक्षक घरी आले. रुस्तां नाव. दक्षिणेकडचे आहेत, समुद्राकडचे. तिकडे लोक पाला खातात आणि त्यावर ऑलिव्हचं तेल ओततात. त्यांचा दोष नाही, जन्म तिथला.

"मादाम गिस्लेन, मी पाच मिनिटंच बसणार आहे."

"बसा ना. मारवाल चीजचा टार्ट आत्ताच भट्टीतून काढलाय."

"नको, नको. मी कारीबद्दल बोलायला आलोय."

नको म्हणाले तरी वास तर सगळ्या घरात होता. त्यांनी एक तुकडा घेतला आणि मग बोलले.

झालंय असं. आमच्या क्लबात कपडे बदलायच्या खोलीत जर्सी छताला टांगलेल्या असतात, साखळीने. खाणीत जाताना माणसं आपले घरचे कपडे आकड्याला अडकवून साखळी ओढून वर न्यायची, आर्मांने सगळं आयुष्य तसंच केलं, म्हणून क्लबातही तेच. आणि मोसमाचा पहिला सामना लोकरीच्या जर्सीत खेळायचा, आजोबांच्या वेळी असायची तशी विणलेली, काळी-पांढरी. जूनमध्ये, करार होतो तेव्हाच, प्रत्येकाच्या मापाने एकच विणून घेतात. दुसरी मिळत नाही. पहिल्या दिवशी ज्याने त्याने आपली साखळी सोडायची, आपली जर्सी उतरवून घालायची. जो मावला नाही तो बाहेर बसतो. पूर्वी एक कप्तानसुद्धा बसला होता, त्याचं नुकतंच लग्न झालं होतं.

"काल कारीने घालून बघितली," रुस्तां म्हणाले. "डोकं गेलं, हात गेले, पुढे गेलीच नाही. मादाम, मी त्याला वेगासाठी घेतलाय. सोळा ऑगस्टला, पहिल्या सामन्याला, तो आपल्या नऊ नंबरच्या जर्सीत मावला नाही तर अध्यक्ष त्याला परत पाठवणार आहेत. दुसरा माणूस बघून ठेवलाय त्यांनी. तुम्ही त्याला काय खायला घालता?"

"साधंच," मी म्हणाले. "तुम्ही आणखी एक तुकडा घ्या."

त्यांनी घेतला. पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. परत पाठवणार म्हणे. वरच्या खोलीत आत्ताच कुठे माणसाचा वास यायला लागलाय. सकाळी जिन्यावर पावलं वाजली की मी डोळे न उघडता म्हणते, उठला. आर्मां गेल्यापासून या घरात माझ्याशिवाय कुणाची पावलं वाजली नव्हती.

रुस्तां गेल्यावर मी विचार करत बसले, आणि एकदम उजेड पडला. मी क्लबचे कपडे तीस वर्षं धुतलेत. लोकर आटते कशाने? गरम पाण्याने. जर्सी आटलीय. पोराचा काही दोष नाही.

२४ जुलै, गुरुवार

सकाळीच क्लबात गेले. आता तिथे जोसलीन धुते, माझ्यानंतर तीच आली, आणि तिच्याबरोबर ते यंत्र आलं, ज्याला ताटासारखी गोल खिडकी आहे.

"जोसलीन, तू नऊ नंबर गरम पाण्यात टाकलीस."

"काकू, ती जर्सी अजून धुतलीच नाही. कुणी घातलीच नाही तर धुवू कशाला?"

"मग यंत्राच्या जवळ टांगली असशील."

जोसलीनने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच यंत्र आहे. पण बघा, नंतर रुस्तां खोलीतून बाहेर आले तर त्यांच्या शर्टाचं पोटावरचं बटण तुटलेलं. मी फक्त जोसलीनकडे बघितलं. त्यांचेही शर्ट तिच्याकडेच येत असणार.

२७ जुलै, रविवार

सोलेन आली होती. माझ्याजवळ बसून कारीला जेवताना बघत होती. तीन वेळा वाढून झाल्यावर म्हणाली, "आजी, तो रोज असा ताट पुसून खातो?"

"रोज. गुणी आहे."

मग ती त्याच्याशी इंग्रजीत बोलली. मला म्हणाली, "त्याच्या आईने सांगून पाठवलंय. परक्याच्या घरी ताटात काहीही टाकायचं नाही, अपमान होतो."

"चांगलं वळण लावलंय."

"आणि आपल्याकडे ताट रिकामं झालं की तू काय करतेस?"

"वाढते. रिकाम्या ताटासमोर माणसाला बसवू का?"

सोलेन टेबलावर डोकं ठेवून हसत सुटली. परीक्षांचा ताण असतो या मुलांना. नंतर कारीला घेऊन राखेच्या डोंगराकडे फिरायला गेली. खाणीतून निघालेली काळी माती आहे ती, आता वर झाडं आली आहेत. परत आले तेव्हा कारी असा दिसत होता जसा पायात रुतलेला काटा निघालाय.

२८ जुलै, सोमवार

कारी आजारी आहे.

ताटात एक चिप उरली. लांब, चांगली, कुरकुरीत. त्याने ती ताटाच्या कडेला सरकवली, माझ्याकडे बघितलं आणि वाट बघत बसला.

मी कपाळाला हात लावून बघितला. गरम नव्हतं. जीभ काढायला लावली, पांढरी नव्हती. फर्नांदला हाक मारली, तीही म्हणाली की जीभ चांगली आहे. मी वाढायला चमचा उचलला तर म्हणाला, "नको आजी. बघा, उरलंय."

उरलंय ते दिसतंय मला. डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, एक चिप उरली म्हणून मी सुट्टीवरून येणार नाही.

सांत बार्बला मेणबत्ती लावली. खाणकामगारांची देवी आहे ती, पण तिच्याकडे आता खाणी कुठे उरल्या, वेळ असेल तिला.

१ ऑगस्ट, शुक्रवार

रोज एक घास उरतो. काल बटाटा, परवा टार्टची कड, आज बीफचा तुकडा. एकदाच वाढू देतो आणि मग ते उरवणं. मला झोप लागेना. पोराचं मन उडालं का इथून? परत जायचं ठरवलं का?

आज दुपारी भांडी घासताना कळलं. आमच्या टेबलाला दोन खुर्च्या. एका बाजूला मी. कारी बसतो तिथे पूर्वी आर्मां बसायचा, समोरच्या भिंतीवर त्याचा फोटो आहे, खाणीतल्या दिव्यासकट. कारी आर्मांच्या जागेवर बसतो, त्याच्याकडे तोंड करून जेवतो. मग तो घास कुणासाठी असणार?

मी हात पुसले, आजचा बीफचा तुकडा बशीत घेतला आणि फोटोखाली ठेवला, आता रोज ठेवणार.

वीस वर्षांचं पोर. इतक्या लांबचं. आणि त्याला सुचलं. आमच्या घरच्या एकालाही सुचलं नव्हतं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सराव जोरात चाललाय. रुस्तां रोज सकाळी या पोरांना राखेच्या डोंगरावर पळवतात. पेपरवाला म्हणतो ओब्रिकूर बाराव्या क्रमांकावर राहील. दूध आणायला गेले तेव्हा चारजण मला विचारून गेले, कारी मावणार का. मावणार, मी म्हणाले, जोसलीनला आवरा फक्त.

कारीची पँट कमरेवरून घसरते. हल्ली इलास्टिक किती वाईट मिळतं. मी दोरी घातली.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सामना शनिवारी आहे. हातावर हात ठेवून बसले तर आटलेली जर्सी आपोआप वाढणार नाही. क्लबात गेले आणि जोसलीनला सांगितलं की नऊ नंबर मला दे, मी लोकर पुन्हा वाढवून देते.

"न्या काकू," ती म्हणाली. "न्या, आणि पुन्हा माझ्या यंत्राचं नाव काढू नका."

लोकर वाढवायची असेल तर ती ओली करायची आणि मापाच्या माणसाला घालून तशीच वाळू द्यायची. माझ्या आईची रीत. कारीला घालून बघावं तर तो सरावाला. माप तर मोठंच हवं, पुढे अख्खा मोसम आहे, पोरगं अजून वाढेल. ओब्रिकूरमध्ये एवढ्या मापाचं मोकळं माणूस कोण?

"मी?" फर्नांद म्हणाली.

"क्लबसाठी."

"ओली?"

"कोमट पाण्यात भिजवलीय. उन्हात उभी राहा, वाळेल. तेवढ्यात कांद्याच्या पातीला पाणीही घालून होईल तुझं."

तिला घालायला दोघींना ताकद लावावी लागली. पण एकदा बसल्यावर काय दिसली. आर्मां असता तर उभा राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

१३ ऑगस्ट, बुधवार

एक दिवस पुरला नाही म्हणून आज पुन्हा. फर्नांद वाकून पातीतलं गवत काढत होती, पाठीवर नऊ. रुस्तांची गाडी रस्त्यावरून गेली, थांबली, उलटी आली.

मी खिडकीतून बघत होते. ते गाडीतून उतरले आणि कुंपणाला धरून उभे राहिले. तोंडाचा रंग उडाला होता.

"कारी," ते हळूच म्हणाले. "पोरा, हे काय करून घेतलंस तू?"

फर्नांद सरळ झाली आणि वळली. "कोण कारी? माझ्या गवताला हात लावायचा असेल तर आत या, नाहीतर चालते व्हा."

रुस्तांना मी आत बसवलं, चिकोरीची कॉफी दिली, टार्ट दिला. टार्ट त्यांनी संपवला. शेवटी विचारलं, "मादाम, लोक असं नेहमी करतात का इथे?"

"क्लबसाठी काहीही," मी म्हणाले.

जर्सी सुकली. घडी करून संध्याकाळीच क्लबात देऊन आले, जोसलीनने न बघता साखळीवर चढवली.

१७ ऑगस्ट, रविवार

काल रात्री लिहायला झालं नाही. आता नीट लिहिते.

मैदान भरलं होतं. उन्हाने लोक वितळत होते आणि आमची पोरं लोकरीत. जुन्या खेळाडूंना कपडे बदलायच्या खोलीत जाऊ देतात, आणि कपडे धुणारीलाही, म्हणून मी दारात होते. कारीने आपली साखळी सोडली, जर्सी खाली आली. अध्यक्ष भिंतीला टेकून उभे होते, हातात फोन, बघून ठेवलेल्या माणसाला लावायला तयार.

कारीने जर्सी डोक्यातून घातली आणि ती आपोआप खाली आली. खाली म्हणजे गुडघ्यांपर्यंत. बाह्या बोटांच्या पुढे. त्यात आणखी एक कारी मावला असता.

"मावला," मी म्हणाले.

अध्यक्षांनी जर्सीकडे बघितलं, कारीकडे बघितलं. नियम एवढाच आहे की मावला पाहिजे. फोन खिशात गेला. रुस्तांनी माझ्याकडे बघितलं आणि फर्नांद आठवली असावी, कारण तोंड वळवून खोकायला लागले.

खेळ कसा झाला ते मला सगळं कळलं नाही. आमचा म्हातारा गोलकीपर बरा अडवत होता, बचाव जडच होता. पण कारी, तो पळायचा आणि जर्सी मागून यायची, शिडासारखी फुगलेली. फर्नांद शेजारी बसून दर वेळी म्हणायची, "बघ, माझं पोट पळतंय."

शून्य-शून्य. शेवटची काही मिनिटं उरली होती. कारी बॉल घेऊन त्यांच्या गोलसमोरच्या चौकोनात घुसला. त्यांचा एक दांडगा बचाववाला मागे राहिला, त्याने हात लांब करून जर्सी पकडली, दोन्ही मुठींनी. एवढी जर्सी हाताशी आल्यावर कोण सोडेल. पकडली आणि मागे रेलून उभा राहिला.

कारी थांबलाच नाही. जर्सी थांबली, कारी पुढे गेला. गळ्यातून, बाह्यांतून सुटला आणि उघड्या अंगाने तीन-चार ढांगा धावून पडला. दांडगा माणूस तिथेच उभा, हातात नऊ नंबर, जसा दोरीवरचा वाळलेला कपडा काढायला आलाय.

रेफ्रीने शिट्टी वाजवली. त्या माणसाला बाहेर काढलं आणि आम्हाला पेनल्टी दिली. पण पेनल्टी मारायची तर जर्सी अंगात पाहिजे, असा नियम निघाला. कारीने परत घातली, डोकं बाहीतून बाहेर काढलं, चुकलं, परत काढलं. सगळं मैदान हसत होतं आणि मी सांत बार्बला म्हणत होते की आता तरी लक्ष दे.

मारली. गेली.

एक-शून्य. पलीकडचा गोलकीपर कुठल्या बाजूला पडला ते मी बघितलं नाही, माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि फर्नांद माझ्या अंगावर होती.

बाहेर जोसलीन भेटली. मी मोठ्या मनाने म्हणाले, "झालं गेलं विसर. पण बघितलंस ना, कोमट पाणी."

ती म्हणाली, "हो काकू." शेवटी मान्य केलं.

अध्यक्षांनी कारीला सांगितलं, मोसम संपेपर्यंत इथेच. रुस्तां घरी जेवायला आले, पाच मिनिटांसाठी, आणि दहा वाजता गेले. जाताना माझ्याकडे चीजच्या टार्टची रीत मागितली, त्यांच्या आईला पाठवायला.

मग आम्ही दोघंच उरलो. कारीला भूक लागली होती, खूप दिवसांनी दोनदा वाढू दिलं. हळूहळू खाल्लं, माझ्याकडे बघून हसला. हात मांडीवर ठेवले.

ताटात दोन चिप्स उरल्या होत्या.

एक आर्मांची. ती नेहमीप्रमाणे फोटोखाली बशीत ठेवली. दुसरी कुणाची, मी विचारलं नाही. उचलली आणि खाल्ली. थंड झाली होती, पण मीठ बरोबर होतं.